नेट निघाली, पुढे काय? : सिकलसेलवरच्या माझ्या पीएच.डी.ची हकिगत

जानेवारीत माझी व्हायव्हा, म्हणजे पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा, झाली. तेव्हापासून ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीकडच्या मुलामुलींचे निरोप येतायत. "ताई, नेट निघाली, आता काय करायचं?" "गाइड कसा शोधायचा?" "पैसे पुरतात का हो?" नेट म्हणजे संशोधनाकडे जाण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. फोनवर तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं क्रमानं लिहून टाकते. संस्थेचं, गाइडचं, दवाखान्याचं नाव मुद्दाम घेत नाही. त्यावाचून तुमचं काही अडणार नाही. विषय जैववैद्यकीय : सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, त्यातही रुग्णांच्या रक्तावरचं काम. त्यामुळे फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्यांना यातलं निम्मं लागू पडणार नाही.

मी ब्रह्मपुरीची. बी.एस्सी. तिथेच, गोंडवाना विद्यापीठातून, एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री नागपूरला, २०१९ साली. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट होती. बोटातून रक्त घ्यायचं, द्रावणात मिसळायचं, थोडं थांबायचं आणि नळी काळ्या रेघांच्या कागदासमोर धरायची. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. बाजूच्या टेबलवरच्या नळ्यांतून रेघा दिसत होत्या, माझ्या नळीतून नाही. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही, तो हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासण्यांवर कळतो. माझ्या रक्तात नेहमीच्या हिमोग्लोबिनची 'ए' आणि सिकलची 'एस' अशा दोन्ही पट्ट्या आल्या, म्हणजे मी वाहक : अंगात जनुक आहे, आजार नाही. घरी सांगितलं तर आई शांतपणे म्हणाली, "माह्या माहेरी होतंच ना ते दोघा-तिघांले." मग मला आजवर का नाही सांगितलं, यावर आमचं जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. पण विषय तिथे ठरला.

विज्ञान विषयांसाठीची नेट, म्हणजे सीएसआयआर-नेट, मी डिसेंबर २०१९ मध्ये दिली. एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेनं घेतलेली, संगणकावर झालेली ती पहिली सीएसआयआर-नेट, त्यामुळे कोचिंगवाल्यांसकट सगळेच चाचपडत होते. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा असतो. भाग 'अ'मध्ये २० पैकी १५, 'ब'मध्ये ५० पैकी ३५ आणि 'क'मध्ये ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे. 'क'चा प्रश्न चार गुणांचा, म्हणजे निम्मे गुण तिथेच. आणि पंचाहत्तरातले पंचवीसच सोडवायचे असल्यामुळे सगळा अभ्यासक्रम पाठ करण्यात अर्थ नाही. मी वनस्पतिशास्त्र आणि इकॉलॉजी सरळ सोडून दिलं. इम्युनोलॉजी, सेल बायोलॉजी, जेनेटिक्स आणि बायोकेमिस्ट्रीवर जोर दिला. चुकलेल्या उत्तराला पाव भाग गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे ठोकू नका. भाग 'अ' मात्र हलक्यात घेऊ नका. ते गणित-तर्काचे तीस गुण आपल्याकडची मुलं फुकट घालवतात.

निकालात जेआरएफ, म्हणजे संशोधन करताना दरमहा मिळणारी फेलोशिप, मिळाली. जेआरएफ म्हणजे पीएच.डी.चा प्रवेश नव्हे, एवढं आधी डोक्यात पक्कं करा. ते फक्त सांगतं की तुमच्या पगाराची सोय झाली. गाइड, संस्था, नोंदणी हे सगळं तुम्ही शोधायचं, आणि पत्राची मुदत संपायच्या आत शोधायचं.

मी अर्ज पाठवायला लागले आणि मार्च २०२० उजाडला. मुलाखती रद्द झाल्या, मग पुढे ढकलल्या गेल्या, मग ऑनलाइन झाल्या. अर्जासोबत बहुतेक ठिकाणी एक-दोन पानांचं निवेदन मागतात : शिक्षण, आधी केलेलं संशोधन, आवडीनिवडी. एम.एस्सी.च्या सरांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, "विशेषणं काढ, क्रियापदं ठेव." म्हणून "मला संशोधनाची तीव्र ओढ आहे" असलं काही न लिहिता मी एम.एस्सी.च्या प्रकल्पात नेमकं काय केलं ते लिहिलं. किती नमुन्यांवर एचपीएलसी चालवली, कुठला प्रयोग फसला, फसल्यावर काय बदललं. स्वतः वाहक असल्याचं एका वाक्यात लिहिलं आणि पुढे गेले. दया मिळवायची नव्हती. आवडीनिवडींत वाचन-संगीत न लिहिता खरं ते लिहिलं : झाडीपट्टीची नाटकं. आमच्याकडे दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) असो की शंकरपट (बैलांची शर्यत), रात्रभर नाटक असतंच. गावच्या हौशी मंडळाच्या नाटकात मी दोन-तीन वर्षं प्रॉम्प्टर होते.

मुलाखत पाऊण तासाची झाली. नेटवर्कसाठी मी मामाच्या घराच्या गच्चीवर बसले होते, वर ताडपत्री. पाठांतराचे प्रश्न कमीच. माझाच प्रकल्प उलटसुलट करून विचारत होते : तुलनेसाठी कंट्रोल कोणता घेतला, तोच का, तो नसता तर निष्कर्ष टिकला असता का. मग एका सरांनी झाडीपट्टीचा विषय काढला. प्रॉम्प्टरला नेमकं काय करावं लागतं, नट वाक्य विसरतोय हे आधी कसं कळतं, असं खरोखरच्या कुतूहलानं विचारलं. दहा मिनिटं त्यातच गेली आणि माझा आवाज सैल झाला. म्हणून म्हणते, आवड खरी लिहा. खोटी लिहिली तर दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.

ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्यात रुजू झाले. आता कागद. दुसऱ्या विद्यापीठात जाताय तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, मग नव्या विद्यापीठाचा पात्रतेचा फॉर्म. निकाल लागल्याबरोबर मायग्रेशन काढून ठेवा, नंतर त्यासाठी गावाकडून विद्यापीठाच्या चकरा होतात. राखीव जागेवर असाल तर जात वैधता प्रमाणपत्र हाताशी हवं. आणि नाव! माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. तिन्ही एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. अजून बारावीत असाल तर आजच सगळीकडे नाव एकसारखं करून घ्या.

पहिली फेलोशिप हातात पडायला बरेच महिने लागले. माझा जॉइनिंग रिपोर्ट एका सहीसाठी एका टेबलवर पडून होता, आणि तो पडून आहे हे कोणी आपणहून सांगत नाही. रक्कम बुडत नाही, थकबाकीसकट येते. पण तोवर खोलीचं भाडं, मेस, डिपॉझिट कुठून आणायचं? बाबांनी पतसंस्थेतून उचल घेतली. शक्य असेल तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच निघा. त्या वेळी जेआरएफला महिना ३१,००० रुपये आणि घरभाडं मिळायचं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला ३७,००० आणि तिच्यापुढच्या एसआरएफला ४२,००० झाले. आदेश मात्र जूनमध्ये निघाला. दोन वर्षांनंतर समितीसमोर कामाचा आढावा होऊन एसआरएफ मिळते, आणि एकूण मुदत पाच वर्षांची. हा पाचाचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढे त्याचं काम पडतं.

कोर्सवर्क ऑनलाइन झालं. संशोधनपद्धती, संख्याशास्त्र आणि यूजीसीनं सक्तीचा केलेला संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा पेपर. याबद्दल विशेष काही सांगण्यासारखं नाही. संख्याशास्त्र मात्र तेव्हाच नीट शिका, चौथ्या वर्षी रडत शिकण्यापेक्षा बरं.

खरा घाट एथिक्सचा. माणसाच्या रक्ताचा एक थेंब घ्यायचा तरी संस्थात्मक नैतिकता समितीची, म्हणजे आयईसीची, मंजुरी लागते. माझ्या बाबतीत दोन समित्या होत्या, एक आमच्या संस्थेची आणि एक विदर्भातल्या ज्या सरकारी दवाखान्यातून नमुने घ्यायचे होते तिथली. समितीची बैठक दर महिन्याला होतेच असं नाही, करोनात तर नाहीच. दवाखान्यातली समिती म्हणे आधी तुमच्या संस्थेची मंजुरी आणा, संस्थेची म्हणे आधी दवाखान्याचं पत्र आणा. शेवटी गाइड मॅडमनी दोन्हीकडे फोन करून "दुसऱ्या समितीच्या मंजुरीच्या अधीन राहून" असं वाक्य मंजुरीत घालून घेतलं. हे वाक्य लक्षात ठेवा, माझा गाडा त्यानंच हलला. तरीही पहिला नमुना घ्यायला मला २०२१ची दिवाळी उलटून गेली.

आयईसी सर्वांत जास्त वेळ संमतीपत्रावर घालवते. मराठी आणि हिंदी दोन्ही लागतात, आणि त्यांचा परत इंग्रजीत केलेला अनुवादही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती मुळातून वाचा. सात वर्षांखालच्या मुलासाठी आईवडिलांची संमती पुरते, सात ते अकरा वयाच्या मुलाला स्वतः तोंडी विचारायचं, बारा ते अठराच्या मुलाकडून लेखी होकार घ्यायचा, आणि हे सगळं पालकांच्या संमतीशिवाय नाही. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेताना आमच्याशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. समितीतल्या एका वकील सदस्यांनी माझ्या मसुद्यातलं "आपणांस कोणताही अपाय संभवत नाही" हे खोडून "सुई टोचताना दुखेल, क्वचित काळंनिळं होईल" असं लिहायला लावलं. वॉर्डात गेल्यावर त्याची किंमत कळली. दुखेल का, हाच पहिला प्रश्न लोक मला विचारत.

म्हणजे कागदावर सगळं बसलेलं असतं आणि समोर एक बाई असते. मांडीवर नऊ वर्षांचा पोरगा, गुडघे सुजलेले, थंडीच्या दिवसांत दुसऱ्यांदा भरती. ती विचारते, "आधीच रक्त कमी हाय म्हणतेत याले. तुमी अजून काढसान तं अशक्त नाही होईल ना बाई?" आम्ही घ्यायचो जेमतेम चमचाभर, तेही डॉक्टरांनी तपासणीसाठी सुई टोचलेली असतानाच, वेगळी सुई नाही. हे सांगितलं, ट्यूब हातात दिली, जांभळ्या झाकणाची. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, मग पोराला म्हणाली, "देतं का रे?" त्यानं मान हलवली नाही. मी उठले. नाही म्हणणाऱ्यांची नोंदसुद्धा ठेवायची असते, तसा रकाना फॉर्ममध्ये आहे. दुसऱ्या दिवशी त्यानंच हाक मारली, पण आदल्या दिवशीची नोंद तशीच ठेवून नवा फॉर्म भरला. संशोधनासाठी मिळालेला रिपोर्ट त्या कुटुंबाला कसा कळवायचा, हेही आधीच ठरवून लिहून घ्या. आम्ही एचपीएलसीचा निकाल दवाखान्यातल्या समुपदेशकामार्फत देत असू.

नमुने पुण्यात आणायचे म्हणजे रात्रभराची रेल्वे. डबे दोन. एचपीएलसीचं रक्त दोन ते आठ अंशांत, जेल पॅकसोबत. पेशी वाढवायच्या त्या रक्ताला उलट थंडी चालत नाही, ते खोलीच्या तापमानाला आणि चोवीस तासांच्या आत लॅबमध्ये हवं. नागपूरकडे मे महिन्यात खोलीचं तापमान म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, त्यामुळे उन्हाळ्यात नमुने बंद. तिहेरी पॅकिंग, संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र, आणि तिकीट एसीचंच. एसीचा खर्च मंजूर होत नाही असं सुरुवातीला सांगण्यात आलं. "नमुन्यासाठी" असं नोटशीटवर लिहिल्यावर झाला.

लॅबमधलं एकच काम सविस्तर सांगते, कारण ते मला अजून आवडतं. पंधरा मिलीच्या नळीत तळाशी फायकॉल नावाचं जड द्रावण घ्यायचं, नळी पंचेचाळीस अंशांत तिरपी करायची आणि पातळ केलेलं रक्त पिपेटनं काचेच्या कडेनं थेंबाथेंबानं सोडायचं. दोन थर मिसळता कामा नयेत. श्वास आपोआप रोखला जातो. मग ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट) वर अर्धा तास सेंट्रिफ्यूज, ब्रेक बंद ठेवून, नाहीतर थांबताना थर ढवळतात. बाहेर काढल्यावर तळाशी लाल गठ्ठा, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधोमध सायीसारखं पांढुरकं कडं. आपल्याला तेच कडं हवं असतं. सिकलसेलच्या रक्तात ते पांढरं न येता बरेचदा लालसर येतं, कारण अपक्व लाल पेशी हलक्या असतात आणि वरच अडकतात. पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही म्हणून घाबरू नका. लाल पेशी फोडणारं द्रावण वापरून पुन्हा धुतलं की काम होतं.

त्यातून मूळ पेशी वेगळ्या करून दोनएक आठवडे वाढवायच्या, लाल पेशी व्हायला लावायच्या आणि गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, कशानं वाढतं ते पाहायचं, हा माझा प्रबंध. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनातल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलीन येतं, एवढाच बदल. एचबीएफ भरपूर असेल तर तो बदललेला रेणू एकमेकांना चिकटायला अडथळा येतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः असंच काम करतं. पेशींना रविवार, गणपती, दिवाळी काही कळत नाही, ठरल्या दिवशी त्यांचं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, बदलावंच लागतं. लॅबमधल्या मैत्रिणीशी सणांची अदलाबदल करून घ्या. एका पावसाळ्यात इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरली आणि सगळ्या प्लेट्स गेल्या, माझ्या आणि इतरांच्याही. ते नमुने परत मिळणारे नव्हते. मी चार दिवस सुट्टी टाकून ब्रह्मपुरीला गेले, हंगाम नव्हता म्हणून नाटकही नव्हतं, नुसती झोपून राहिले. त्यानंतर प्रत्येक नमुन्याच्या अर्ध्या पेशी गोठवून ठेवायचा नियम लॅबनं केला.

सामान मागवण्याचं वेगळंच. अँटीबॉडी, ग्रोथ फॅक्टर बाहेरून येतात. इंडेंट (मागणीपत्र), कोटेशन, जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल, पीओ (खरेदीचा आदेश), मग कस्टम्स. दोन-तीन महिने सहज. फेब्रुवारी-मार्चमध्ये मागितलेलं आर्थिक वर्ष संपल्यामुळे लटकतं, म्हणून डिसेंबरपर्यंत इंडेंट टाका. आणि स्टोअर्समधल्या काकांशी दोन शब्द बोलत जा, पार्सल आल्याचा पहिला फोन तेच करतात.

माझी नोंदणी यूजीसीच्या २०१६च्या नियमांखाली, त्यामुळे प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. नोव्हेंबर २०२२च्या नियमांत यूजीसीनं ही सक्ती काढली, पण तुमच्या विद्यापीठानं स्वतःची अट ठेवली आहे का ते नोंदणीच्या दिवशीच विचारा. माझा निबंध एका नियतकालिकानं सात महिन्यांनी परत पाठवला, दुसऱ्यानं दोन फेऱ्यांनंतर घेतला. पैसे मागून आठवड्यात छापतो म्हणणाऱ्यांच्या मेल रोज येतील. तिकडे फिरकू नका.

मग लिखाण. साहित्यचोरीची तपासणी होते, दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. माझा 'साहित्य आणि पद्धती' हा भाग आधी बराच वर गेला, कारण प्रोटोकॉल सगळ्या जगात त्याच शब्दांत लिहिलेले असतात. सॉफ्टवेअरला शिव्या देत बसण्यापेक्षा तो भाग शेवटी स्वतःच्या शब्दांत, 'आम्ही इथे काय केलं' अशा क्रमानं लिहा. जुलै २०२५ मध्ये प्रबंध दिला, फेलोशिप संपायच्या तीन महिने आधी. त्या पाचाच्या आकड्याचं काम हे. त्यानंतर खात्यात काही येत नाही आणि व्हायव्हा तर पुढेच असते. रंगीत पानं वेगळी मोजून द्या, सगळा प्रबंध रंगीत छापला तर बिल तिप्पट येतं. माझं छपाई-बांधणी धरून नऊ हजारांच्या आत झालं.

परीक्षकांचे अहवाल यायला नोव्हेंबर उजाडला. सहा महिन्यांत सगळं मूल्यमापन पुरं व्हावं असं नियम म्हणतो. महिन्यातून एकदा विद्यापीठात नम्रपणे विचारत राहा, रोज नको.

व्हायव्हाला बाबा आले होते, शेवटच्या रांगेत बसले. परीक्षकांनी विचारलं, एचबीएफ चांगलं असूनही तुमच्या काही रुग्णांना वारंवार क्रायसिस, म्हणजे अचानक उठणाऱ्या तीव्र वेदना, का? हा प्रश्न येणार हे माहीत होतं, कारण गुजरातेतल्या आदिवासी रुग्णांपेक्षा नागपूरकडच्या रुग्णांत आजार जास्त तीव्र दिसतो हे प्रकाशित अभ्यासांत आलेलं आहे. मी सांगितलं की सरासरी टक्का फसवा असतो. काही पेशींत एचबीएफ भरपूर आणि काहींत जवळपास नाही असंही असू शकतं, शिवाय सोबत अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोष आहे की नाही यानंही फरक पडतो. मग २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या, जनुक संपादनावर आधारलेल्या कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या उपचारपद्धतीचा विषय निघाला. तिची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. "मग तुमच्या कामाचा उपयोग काय?" असं त्यांनी विचारलं, चिडवत नव्हते. मी म्हटलं, गडचिरोलीच्या पोराला आज जे औषध मिळू शकतं ते हायड्रॉक्सियुरिया; ते कोणाला लागू पडेल आणि कोणाला नाही, हे आधी कळलं तरी पुष्कळ. त्यावर ते काही बोलले नाहीत, पुढच्या आलेखाकडे वळले.

व्हायव्हानंतर कागद संपतात असं वाटतं. दुरुस्त्या केलेली प्रत, शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर टाकायची पीडीएफ, ग्रंथालय-हॉस्टेल-स्टोअर्सचे नो-ड्यूज, मग अधिसूचना, मग प्रोव्हिजनल सर्टिफिकेट. उरलेल्या नमुन्यांचं काय करणार हे आयईसीला कळवून अभ्यास अधिकृतपणे बंद करावा लागतो, तेही विसरू नका. हे पत्र राहिलं तर गाइडच्या पुढच्या विद्यार्थ्याची मंजुरी अडू शकते.

संमतीपत्राचा माझा मराठी नमुना कोणाला हवा असेल तर जरूर मागा. फक्त जसाच्या तसा वापरू नका, तुमच्या समितीचा साचा वेगळा असेल. आणि "दुखेल" हे वाक्य काढू नका.